बकरीसाठी तरोटा

श्रावणातली झड चौथ्या दिवशीही उघडायचं नाव घेत नव्हती, आणि अशा चिखलात नाल्याच्या काठाकाठानं एक माणूस चक्क सायकल खांद्यावर घेऊन येत होता.

तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, कोवळी पानं खुडणारा पंचफुलाचा हात थांबला. समुद्रपुराकडची काळी माती ज्यांनी पाहिली नाही, त्यांना हे खोटं वाटेल. पण पावसाळ्यात ती माती चाकाला अशी बिलगते, की चाक जागचं हलत नाही. म्हणून शहाणी माणसं श्रावणात सायकल घरी ठेवतात. हा गडी काही त्यातला दिसत नव्हता.

"तुमी सायकलवर बसून आले, का सायकल तुमच्यावर बसून आली?" तिनं विचारलं. विचारून झाल्यावर लाजली, पण शब्द तर सुटून गेला होता.

"निघताना मी बसलो होतो," तो धापा टाकत म्हणाला. "अर्ध्या वाटेत म्हटलं, आता तिची पाळी."

पंचफुला खुदकन हसली. त्यानं सायकल खाली टेकवली, चष्मा काढून सदऱ्याला पुसला... सदराच ओला, तेव्हा काच जास्तच धूसर झाली. वय असेल तेवीस-चोवीस. दप्तर मात्र त्यानं मेणकापडात गुंडाळून, लेकरू धरावं तसं छातीशी धरलं होतं. स्वतः भिजला तरी चालेल, पण ते भिजू नये, असं.

"तानबाजींचं घर कोणतं?" त्यानं विचारलं.

तानबा म्हणजे पंचफुलाचा बाप! "काऊन? त्यायनं काय केलं?"

"काही नाही केलं. मी प्रेमदास, नागपूरहून आलो. सरकारच्या नमुना पाहणीचा माणूस आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी या गावातून आठ घरं निघाली, त्यात त्यांचं नाव आहे." बोलता बोलता त्याची नजर तिच्या ओच्याकडे गेली. "भाजी का? तरोट्याची?"

आता खरं सांगायचं तर भाजीच होती. चार दिवसांच्या झडीत निंदणाचं काम बंद, काम बंद म्हणून मजुरी बंद. तरोटा उकडायचा, त्यात मूठभर ज्वारीची कणी टाकायची, की चौघांचा दिवस निघायचा. पण भिजलेल्या पापण्यांच्या, देखण्या, शहरच्या माणसासमोर हे कोणती मुलगी सांगेल?

"भाजी? बाप्पा!" ती मान उडवून म्हणाली. "बकरीसाठी हाय."

---

त्या संध्याकाळी पंचफुलाच्या वस्तीत, गावाबाहेरच्या पुऱ्यात, मोठी खलबतं झाली. भैयाजी म्हणजे पुऱ्यातला जुना जाणता माणूस. त्यांच्या ओसरीवर सगळे जमले. दोन वर्षं होत आली होती नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्याला. त्या दिवसापासून पुऱ्यातल्या माणसांनी गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागणं तर कायमचं सोडलं. गावातले लोक तेव्हापासून मिशीत हसत होते. दोन पावसाळे जाऊ द्या, म्हणत होते, पोट आपोआप परत आणील यांना.

"म्हणून सांगतो," भैयाजी म्हणाले, "तो साहेब विचारून राह्यला का घरात काय खाता. तं कोनी रडगानं गायचं नाई. दोन वेळ पोटभर जेवतो, असंच सांगायचं. आपली उपासमार कागदावर चढली, तं गावातले म्हनतील, पाहा, आमी म्हनत होतो ना!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तानबानं सगळ्यात जोरात डोलावली.

दुसऱ्या दिवशी प्रेमदास अंगणातल्या बाजेवर दप्तर उघडून बसला. वर ताडपत्री, ताडपत्रीवर पावसाचा टपटपाट. पंचफुला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, मागे माय अनुसयाबाई, आणि धाकटी बहीण जयवंता तिच्या पदराआड.

"गेल्या तीस दिवसांत घरात ज्वारी किती लागली?"

"सोळा पायल्या," तानबा ठासून म्हणाला.

"डाळ?"

"रोजच असते."

"रात्री जेवणारी माणसं किती?"

"चार. घरात चार, तं जेवनारी बी चार. हे का विचारनं झालं?"

पेन्सिल कागदावर सरसर चालली होती. पंचफुला त्या बोटांकडे पाहत होती. तिच्या घरातल्या गोष्टी आजवर कोणी लिहून घेतल्या नव्हत्या, आणि इतक्या सुबक अक्षरात तर नाहीच.

"जनावरं?"

"जनावर कुठचं, साहेब? बैल नाई, गाय नाई."

"बकरी?"

"बकरी तं आमच्या दारात कधी उभीबी नाई राह्यली."

पेन्सिल थांबली. पंचफुलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता हा बोलणार, नाल्यावरची चोरी सगळ्यांसमोर उघडी पाडणार! प्रेमदासनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं... एकदाच. मग मान खाली घातली आणि लिहिलं, 'नाही'.

तिचा जीव भांड्यात पडला. आणि खरं सांगू का, त्याच घटकेला तो त्या माणसावर जडलाही. लाज राखणारा माणूस बाईला फार लवकर आवडतो.

---

प्रेमदासचा मुक्काम शाळेच्या पडवीत होता. आठ घरं, रोज एक. पहिल्या दिवशी तो तिथं तीन विटा मांडून खिचडी रांधायला बसला, पण लाकडं ओली. धुरानं डोळे लाल झालेले तानबानं पाहिले, आणि त्याला हाताला धरून घरी आणला. "जय भीम करनारा आपला मानूस हातानं रांधून खाईल, तं आमाले तोंड दाखवाले जागा राहील का? रात्री आमच्याकडेच जेवायचं." सोळा पायल्या खाणाऱ्या घराला एक पाहुणा जड होतो थोडाच! तानबाच्या बोलण्यानं तानबालाच बांधून टाकलं होतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला प्रेमदास जेवायला येई. तानबा, जयवंता आणि तो एका ओळीत बसत. पंचफुला वाढायची. ती भाकर वाढायला वाकली, की हातातल्या हिरव्या बांगड्या पार कोपरापासून खळकन मनगटावर येत. हात वर केला, की परत सरकत कोपरापर्यंत. प्रेमदास त्या बांगड्यांकडे पाहायचा. पंचफुलाला वाटायचं, बांगड्या आवडल्या वाटतं यांना.

जेवून तो निघाला, की ती कंदील घेऊन कुंपणापर्यंत जायची, चिखलातली वाट दाखवायला. तेवढ्या वीस पावलांसाठी ती दिवसभर वाट बघायची.

"बकरी जेवली का?" कुंपणाशी थांबून तो हळूच विचारायचा.

"जेवली," ती ओठ दाबून म्हणायची.

"काय जेवली?"

"तुमाले काय करायचं? तुमच्या कागदात तं बकरीच नाई."

"कागदात नाही. पण मनातून जात नाही ना!"

असं काही बोलला, की तिच्या हातातला कंदील उगाच हलायचा. ती घरात परत यायची. माय झाकपाक करत असायची. पंचफुला तांब्याभर पाणी प्यायची, आणि "मी मघाच जेवली" असं सांगून पडायची. पोटात आग असायची, पण मनात तो आवाज घोळायचा... बकरी जेवली का? आठवडाभर ती त्या एका प्रश्नावर जगली म्हणा ना.

आठव्या दिवशी मात्र तो कुंपणाशी हसला नाही. पाऊस थांबला होता. कडुनिंबावरून थेंब ओघळत होते.

"उद्या सकाळी जातो," तो म्हणाला. "कागद परवा टपालात पडले पाहिजेत."

"मंग... परत कधी?"

"या गावात? कामासाठी आता नाही. दरवेळी नवीन घरं निघतात."

तिनं भलतंच विचारलं. "इतलं लिहून होते काय, साहेब?"

"लोक किती खातात, त्यावरून गरिबी मोजतात. किती जण उपाशी आहेत ते कळलं, तर योजना होते, काम निघतं, धान्य येतं. निदान यावं असा हिशोब आहे." तो थांबला. "पण गंमत अशी, की डोळ्यांना दिसलेली गरिबी मला लिहिता येत नाही. तोंडानं सांगितलेलीच लिहिता येते. आणि तुमच्या पुऱ्यात मला एकही उपाशी माणूस सापडला नाही."

"मंग चांगलंच झालं."

"चांगलं? पंचफुला, तुमचं एक घर हजारो घरांच्या वतीनं बोलतं. जिथं मी कधीच जाणार नाही, अशी घरं. तुमी इथं एक बकरी बांधली, तं तिकडं हजारो दारांत नसलेल्या बकऱ्या बांधल्या गेल्या. त्या घरातल्या पोरींचं कोण लिहील?"

तो गेला. त्या दिवशी त्यानं बकरी जेवली का, ते विचारलं नाही.

पंचफुला कंदील हातात घेऊन उभीच राहिली. खरं सांगावं, तर बाप खोटा पडेल, पुरा खोटा पडेल, गाव हसेल. आणि तो? आज तो तिच्याकडे जसं पाहतो, तसं पुन्हा पाहील? भरल्या घरची, हसरी, बांगड्यांची पोर तो सोबत घेऊन जाणार होता. खरं सांगितलं, तर त्याच्याजवळ उरेल ती एक उपाशी पोर. त्याची कीव तिला नको होती. बाकी सगळं हवं होतं, पण कीव नको होती.

---

सकाळी प्रेमदास निरोप घ्यायला आला तेव्हा ऊन पडलं होतं. भैयाजीही येऊन बसले होते. राम राम नव्हे, आता जय भीम झाला, पाणी झालं, आणि प्रेमदासनं सायकलीचं हँडल धरलं.

"बाबा," पंचफुला दारातून म्हणाली. "सोळा नाई."

"काय सोळा नाई?"

"पायल्या. नऊ हाय. स्वयंपाक मी करतो, मले माहीत हाय."

भैयाजींनी मान वळवली. तानबाच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "पोरी, घरात जा."

"जातो. पन आधी साहेबाले लिहू द्या." ती चौकट घट्ट धरून उभी होती. "डाळ रोज नाई. महिन्यातून चारदा. तरोटा आमीच खातो. अन् रात्री जेवनारी चार नाई, तीन."

प्रेमदासनं दप्तर उघडलं होतं. त्यानं न पाहता विचारलं, "कोण जेवत नाही?"

तिचा चौकटीवरचा हात खाली आला, तशा बांगड्या कोपरापासून खळकन मनगटावर आल्या. त्यानं वर पाहिलं, आणि त्याला कळलं.

"आणि हे आठ दिवस?" त्यानं विचारलं.

"हे आठ दिवस तुमी होते ना," पंचफुला म्हणाली. "मंग चार झाले."

प्रेमदासची मान जी खाली गेली ती वर आली नाही. अनुसयाबाई पदरात तोंड घालून रडत होती. तिला हे कळत नव्हतं असं नाही, पण मायच्या डोळ्यांनीसुद्धा काही गोष्टी न पाहिल्यासारख्या कराव्या लागतात.

तानबा अंगणातल्या चिखलाकडे बघत म्हणाला, "लिहा साहेब. नऊ लिहा. पन त्याच्याखाली हेबी लिहा, का मागनं सोडलं ते सोडलं. उपाशी हावो, पन कोनाच्या दारी जात नाई. दोन्ही लिहा. एकच लिहाल, तं ते खोटं होईल."

"दुसऱ्यासाठी रकाना नाही, तानबाजी," प्रेमदास म्हणाला. "पण शेरा लिहायला जागा आहे." आणि त्यानं तानबाचा शब्द न् शब्द तिथं लिहिला. वाचूनही दाखवला. भैयाजी उठले. आता हे काय बोलतात, म्हणून सगळे त्यांच्याकडे वळले.

"माझ्या घरचंबी खोडा, साहेब," भैयाजी म्हणाले. "बारा नाई. सात."

त्या सकाळी प्रेमदासला निघायला बारा वाजले. पुऱ्यातून निघालेली चारही घरं पुन्हा लिहावी लागली. जाताना तो पंचफुलाशी एक शब्द बोलला नाही. सायकल ढकलत, नाल्यापर्यंत मान खाली घालून गेला. वळून पाहील, पाहील, म्हणून ती उभी होती. तो वळला नाही.

---

मग दिवस जे लांबले, ते काही विचारू नका. झड सरली, निंदण सुरू झालं, तिच्या बांगड्या हळूहळू मनगटाकडे राहू लागल्या. नाल्याकाठच्या तरोट्याला पिवळी फुलं आली, शेंगा धरल्या, शेंगा वाळून तडकल्या. ती रोज तिथून जायची. वाटेत दुसरा रस्ता नव्हता असं नाही.

कापूस वेचताना कुठं सायकलीची घंटी वाजली, की बोटं बोंडातच थांबायची. एकदा तर टपालवाला निघाला, आणि सोबतच्या बायकांनी तिला आठवडाभर चिडवलं. हसत हसत ती सगळं सोसायची, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. तो न बोलता का गेला, ते तिनं शंभर वेळा उलटून-पालटून पाहिलं. कीव आली असेल. किळस आली असेल. किंवा ती त्याच्या मनातच नसेल, फक्त बकरी असेल. तरी पण... खरं सांगितल्याचा पस्तावा मात्र एकदाही झाला नाही. दुखायचं, फार दुखायचं. पस्तावा नव्हता.

धान्य काही आलं नाही. गावातले हसले, तेही फार दिवस नाही. माघात ज्वारी कापून आली, मजुरीची कणसं दारात पडली, आणि पुऱ्यात सकाळ-संध्याकाळ भाकरी थापल्याचे आवाज येऊ लागले.

अशाच एका सकाळी पंचफुला अंगण झाडत होती, आणि कुंपणाशी घंटी वाजली.

प्रेमदास! या वेळी तो सायकलवर बसून आला होता. मागच्या कॅरिअरवर एक म्हातारी बाई जीव मुठीत धरून बसली होती. ती उतरली, कंबर सरळ केली आणि म्हणाली, "मी यशोदाबाई, याची माय. रस्ता होता का छळ, बाप्पा! हेच का ते घर?"

तानबा बाहेर आला. पाणी झालं, बसणं झालं. यशोदाबाईंनी आडपडदा ठेवलाच नाही. "पोरगा श्रावनात घरी आला, अन् रात्रीचं जेवन सोडलं. काऊन म्हटलं तं बोलेना. दिवाळीले सांगतलं त्यानं सारं. मी म्हटलं, असा उपाशी मरशील काय? जाऊन मागनी घाल. तं म्हने, मी तिच्या तोंडचा घास खाल्ला, कोनत्या तोंडानं जाऊ? म्हनून मी माझं तोंड घेऊन आली."

तानबानं डोळे टिपले, आणि हसला. "पोरीले विचारा. या घरात आता तिच्याच तोंडचं खरं धरतात."

अनुसयाबाईनं ताटं केली. गरम भाकर, तुरीच्या दाण्यांची भाजी, लसणाची चटणी. तानबा बसला, यशोदाबाई बसल्या, जयवंता बसली. पंचफुला वाढत होती. डोळे वर उचलवत नव्हते. सगळे जेवू लागले. प्रेमदास तसाच बसून होता, हात मांडीवर ठेवून.

"काऊन बाबू? भाजी नाई आवडत?" अनुसयाबाईनं विचारलं.

"एक ताट कमी आहे," तो म्हणाला.

"ती जेवेल मागून. पोरी मागूनच जेवतात."

"माहीत आहे मले." त्यानं आपलं ताट उचललं, आणि ओळीत स्वतःशेजारच्या रिकाम्या जागेपुढं ठेवलं. मग पंचफुलाकडे पाहिलं. सहा महिन्यांनी पहिल्यांदा, आणि या वेळी नजर खाली गेली नाही. "बस. तू जेवल्याशिवाय मी जेवत नाही. आज नाही, पुढंही नाही."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. तानबा मुद्दाम दुसरीकडे पाहू लागला. माय भानावर येऊन चुलीकडे वळली, आणखी एक ताट करायला.

पंचफुला बसली. डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडू नये म्हणून तिनं मान वळवली, भाकर मोडली, आणि पहिला घास तोंडात घातला. इतक्या माणसांत, दिवसाउजेडी, त्याच्या शेजारी बसून.

"बकरी जेवली का?" त्यानं हळूच विचारलं. फक्त तिलाच ऐकू येईल, इतक्या हळू.

तिनं घास गिळला. आजवर तिनं या प्रश्नाला खोटंच उत्तर दिलं होतं.

"जेवून राह्यली," ती म्हणाली.